वेस्टर्न चित्रपटातील पोकरचा डाव कसा पाहावा

जुने वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतल्या कथांचे चित्रपट आवडीने पाहणाऱ्या पुणेकराची एका ठिकाणी हमखास पंचाईत होते. घोडदौड कळते, चकमक कळते, पण सलूनमधल्या, म्हणजे तिथल्या दारूच्या गुत्त्यातल्या, गोल टेबलाभोवती पाच माणसे पत्ते धरून बसली की पुढची चार मिनिटे नेमके काय घडले हे त्याला उमगत नाही. कोणी दोन पाने मागतो, कोणी नाणी पुढे सरकवतो, तिसरा पाने पालथी टाकतो आणि एकाएकी पिस्तूल निघते. खालची उपशीर्षके संवाद सांगतात, चाल सांगत नाहीत. अलकाला किंवा कॅम्पातल्या वेस्ट एंडला हे चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहिलेल्या पिढीनेही असे प्रसंग बहुधा गोळीबाराची वाट पाहतच काढले. वास्तविक त्या टेबलावर दिग्दर्शकाने गावाचा सगळा कारभार मांडलेला असतो : कोण कोणाला भितो, लबाडी पकडण्याचा हक्क कोणाकडे आहे आणि ती पकडल्यावर शिक्षा कोण देणार. हे वाचता येण्यासाठी पोकरमध्ये तरबेज व्हावे लागत नाही. पाहण्याची थोडी शिस्त लावून घ्यावी लागते.

आधी खेळून पाहावे

बावन्न पानांचा एक कॅट, वाटीभर चिंचोके आणि चार माणसे एवढी सामग्री पुरते. पैसे लावू नयेत. महाराष्ट्रात पैशांवर जुगार खेळणे १८८७ सालच्या कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि माणसाची हाव व भीती चिंचोक्यांवरही पुरेशी दिसते.

अभिजात वेस्टर्न चित्रपटांत प्रामुख्याने दोन प्रकारचा पोकर दिसतो. पहिल्यास ‘ड्रॉ’ म्हणतात. प्रत्येकाने बूट, म्हणजे डावाआधीचा ठरलेला वाटा, टाकायचा, प्रत्येकास पाच पाने पालथी वाटायची, मग चाल खेळण्याची, म्हणजे पैज लावण्याची, एक फेरी होते. ज्याला हात आवडला नाही तो पॅक करतो, म्हणजे डाव सोडतो. उरलेले आपल्याला नको असलेली पाने टाकून तितकीच नवी घेतात. पुन्हा एक फेरी होते आणि शेवटी शो, म्हणजे पाने उघडी करणे. दुसरा प्रकार ‘स्टड’. त्यात पहिले पान पालथे आणि पुढची चार पाने एकेक करून सर्वांसमक्ष उघडी वाटली जातात, व प्रत्येक उघड्या पानानंतर चाल होते. गणपतीच्या मांडवात किंवा मामाच्या घरी तीन पत्ती खेळलेल्या माणसाला यातले बहुतेक सारे ओळखीचे वाटेल, आणि नेमकी तिथेच एक फसगत होते. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने येणारी पाने) कलरपेक्षा (सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक अशा एकाच रंगाच्या पानांपेक्षा) मोठा असतो. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा असतो. हा कोणाच्या मर्जीचा भाग नसून निव्वळ हिशेब आहे. तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांचे २५,९८,९६० हात होतात. त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८, म्हणून तिथे पारडे उलटते. आमच्या कोथरूडच्या बैठकीत तीन पत्तीत केस पिकवलेले एक काका येतात. पडद्यावर सिक्वेन्सवाला हरला की अजूनही त्यांचा पहिला संशय वाटणाऱ्यावर जातो.

बाकीचा क्रम ध्यानात ठेवणे सोपे आहे : एक जोडी, दोन जोड्या, एकाच किमतीची तीन पाने, सिक्वेन्स, कलर, तीन अधिक दोन असे ‘फुल हाउस’, एकाच किमतीची चार पाने आणि सर्वांत वर एकाच रंगाचा सिक्वेन्स. पहिल्या वाटपात निम्म्या हातांत साधी जोडीसुद्धा नसते, आणि फुल हाउस सुमारे सातशे हातांतून एकदा येते. हे प्रमाण मनात असले की एकाच डावात तिघांकडे भरभक्कम पाने निघाल्यावर पटकथाकाराचा हात आपोआप दिसू लागतो.

दहा-बारा डाव झाल्यावर एक गोष्ट मुद्दाम तपासावी. ड्रॉ पोकरमध्ये समोरच्याने किती पाने बदलली, एवढीच त्याच्या हाताविषयीची उघड माहिती असते. तीन पाने मागणाऱ्याजवळ बहुधा एक जोडी असते. एकच मागणाऱ्याजवळ दोन जोड्या असतात किंवा तो कलर अथवा सिक्वेन्सचे शेवटचे पान शोधत असतो. एकही पान न बदलणारा एकतर जिंकलेला असतो किंवा ठार खोटे बोलत असतो. चित्रपटातले ‘किती हवीत?’ या प्रश्नाचे उत्तर आपण आजवर पार्श्वसंगीतासारखे कानाआड केलेले असते; ते बारकाईने ऐकावे, कारण पुढच्या शांततेचा अर्थ त्या आकड्यात असतो.

कॅमेरा कोणाच्या बाजूला बसला आहे

स्टडमध्ये पाचातली चार पाने जगजाहीर असतात, त्यामुळे प्रेक्षक आणि खेळाडू जवळजवळ सारख्याच पायरीवर राहतात. ड्रॉमध्ये सारे झाकलेले असते, आणि म्हणून कोणाचा हात आपल्याला दाखवायचा हे दिग्दर्शकाला ठरवावेच लागते. डाव सुरू होताच स्वतःला एवढेच विचारावे : मला कोणाची पाने दिसत आहेत? नायकाची दिसली तर आपण त्याच्यासोबत धास्तावतो. लबाडाची दिसली तर आपण नायकाकडे हताशपणे पाहत राहतो. कोणाचीच दिसली नाहीत, तर आपल्याला चेहरे वाचायला बसवले आहे असे समजावे.

या तिसऱ्या प्रकाराचा कळस १९६६ च्या ‘अ बिग हँड फॉर द लिटल लेडी’मध्ये आहे. वर्षातून एकदा भरणारा बड्या धनिकांचा डाव, त्यात सापडलेला हेन्री फोंडाचा भोळा प्रवासी, आणि मध्येच त्याच्या जागी बसण्याची पाळी आलेली, पोकरचा गंधही नसलेली त्याची बायको. ती आपली पाने गावच्या बँकवाल्याला दाखवून त्यांच्या तारणावर कर्ज मागते. बाकीच्या खेळाडूंना त्या पानांतले काहीही कळत नाही. त्यांना कळतो तो बँकवाल्याचा चेहरा. पुढे काय होते ते सांगणे म्हणजे वाचकाची चोरी करणे होईल.

हात कुठे आहेत ते पाहावे

संवादांकडे लक्ष देण्याची आपली सवय नाटकांनी लावली आहे. पोकरच्या प्रसंगात ती थोडी आवरावी लागते. सर्जिओ लिओनेच्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मध्ये (१९६५) क्लिंट ईस्टवुडने साकारलेला बक्षीसखोर, म्हणजे इनामासाठी फरारी पकडणारा, एका गुन्हेगाराच्या टेबलाशी येतो आणि काही न विचारता पाने वाटू लागतो. तो सर्व काही डाव्या हाताने करतो. उजवा हात अंगावरच्या घोंगडीआड, पिस्तुलाजवळ, राखून ठेवलेला असतो. डाव होतो, समोरचा हरतो आणि मग पणाला काय लागले होते ते विचारतो. पणाला त्याचाच जीव लागलेला असतो. पाने कोणती होती हे प्रसंग संपल्यावर विसरले तरी चालते, तो न हललेला उजवा हात मात्र ज्याने पाहिला नाही त्याने प्रसंग अर्धाच पाहिला.

लबाडीही हातांतच असते. तिचे नेहमीचे मार्ग मोजके आहेत : गठ्ठ्याच्या वरचे पान धरून ठेवून दुसरे वाटणे, किंवा तळातले वाटणे, पानांच्या पाठीवर खुणा करणे, वाटताना पानांची खालची बाजू दिसेल असा चिमुकला आरसा टेबलाच्या कडेला किंवा अंगठीत लपवणे, बाहीत पान दडवणे. बाहीतल्या पानासाठी तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोऱ्या, कप्प्या आणि चिमटे असलेली यंत्रे निघाली होती, जी गुडघ्यांच्या हालचालीने चालत आणि पान आत ओढून घेत. चित्रपटवाल्यांनी या यंत्रांपेक्षा माणसांचा वापर अधिक केला, आणि ते योग्यच झाले, कारण यंत्र पडद्यावर कळत नाही, माणूस कळतो.

‘डेस्ट्री राइड्स अगेन’ (१९३९) पाहताना मार्लीन डीट्रिचच्या फ्रेंचीवर नजर ठेवावी. एका पशुपालकाने आपली सगळी जमीन पणाला लावली आहे, त्याचा हात जिंकणारा आहे, आणि फ्रेंची नेमक्या त्या क्षणी त्याच्या अंगावर गरम कॉफी सांडते. तो उडी मारून अंग झटकतो तेवढ्यात त्याचे पान बदलले जाते. पहिल्यांदा पाहताना सगळ्यांचे डोळे कॉफीकडे जातात, म्हणजे लबाडी त्या पशुपालकावर जशी चालते तशीच आपल्यावरही चालते. म्हणून हा तुकडा लगेच दुसऱ्यांदा लावावा आणि कॉफीकडे पाहायचेच नाही असे ठरवून टेबलाचा पृष्ठभाग पाहावा.

जॉन फोर्डच्या ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’मधला (१९४६) डाव याहून वरच्या दर्जाचा आहे आणि माझ्या मते अशा प्रसंगांचा तो वस्तुपाठ आहे. टूमस्टोन गावचा मार्शल वायट अर्प पोकर खेळतो आहे. सलूनमधली गायिका चिवावा गात गात टेबलाभोवती फिरते, त्याच्या मागे रेंगाळते, त्याची पाने पाहते आणि समोरच्या जुगाऱ्याला खूण करते. अर्प आरडाओरडा करत नाही. तो उठतो, तिला बाहेर नेतो आणि घोड्यांच्या पाण्याच्या हौदात टाकतो. पुढे डॉक हॉलिडे हा गावातला बडा जुगारी आत येतो आणि त्या जुगाऱ्याला गावाबाहेर जायला फर्मावतो. इथे चित्रपट थांबवून विचार करावा. कायद्याचा माणूस खुर्चीत बसलेला आहे, आणि लबाडाला हद्दपार करणारा माणूस कुठल्याच अधिकारपदावर नाही. अर्प आणि हॉलिडे यांच्यात पुढे जी ओढाताण होते तिचा पाया एकही गोळी न झाडता या टेबलाशी घातला गेला आहे. चिवावाला मिळालेली वागणूक आजच्या प्रेक्षकाला खटकेल आणि खटकावीही. शिक्षा कोणाला सोसावी लागते आणि कोणाला नुसती वाट दाखवली जाते, हाही त्या गावच्या न्यायाचाच भाग आहे.

‘रिओ ब्राव्हो’त (१९५९) हॉवर्ड हॉक्सने हेच प्रकरण वेगळ्या बाजूने हाताळले. कॅटमधली तीन पाने कमी आहेत, संशय फेदर्स नावाच्या परक्या स्त्रीवर जातो, कारण ती एका बदनाम जुगाऱ्याची विधवा आहे. शेरीफ चान्स तिला जवळजवळ दोषी ठरवून मोकळा होतो. पाने निघतात दुसऱ्याच माणसाकडे. पाने मोजणे ही लबाडी पकडण्याची सर्वांत नीरस आणि सर्वांत खात्रीची रीत आहे, आणि शेरीफने आधी माणूस ठरवून मग पुरावा शोधला ही त्या प्रसंगातली मेख.

लबाडी उघड झाल्यानंतर टेबल काय करते, याची वही ठेवल्यास पुष्कळ हाती लागते. ‘फाइव्ह कार्ड स्टड’मध्ये (१९६८) लबाडाला बाकीचे खेळाडू फासावर लटकवतात आणि मग त्या खेळाडूंचेच एकामागून एक मुडदे पडू लागतात. ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ (१९६९) च्या आरंभी आरोप करणारा मोठ्या तोऱ्यात असतो, पण आपण कोणावर आरोप केला हे कळताच त्याचा आवाज बसतो. खरे-खोटे तिथे ठरतच नाही; पिस्तूल कोणाचे जलद यावर विषय मिटतो.

खुर्ची, आणि एक्के-अठ्ठे

२ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतल्या डेडवूड गावच्या सलूनमध्ये वाइल्ड बिल हिकॉक हा नामांकित बंदूकबाज पोकर खेळत असताना जॅक मॅक्कॉलने मागून गोळी घालून त्याला ठार केले. हिकॉक एरवी भिंतीला पाठ लावून बसे. त्या दिवशी ती जागा दुसऱ्याने घेतली होती आणि ती त्याला मिळाली नाही. या एका घटनेने वेस्टर्न चित्रपटाला बसण्याचा शिष्टाचार दिला. त्यामुळे डाव सुरू होण्याआधी दाराकडे तोंड कोणाचे, पाठ कोणाची आणि मागे कोण उभे आहे याची मनातल्या मनात नोंद करावी.

मरताना हिकॉकच्या हातात काळे एक्के आणि काळे अठ्ठे होते, ही कथा मात्र पुढे बऱ्याच वर्षांनी, मुख्यतः १९२६ साली निघालेल्या त्याच्या एका चरित्रामुळे रुजली, आणि पाचवे पान कोणते यावर तर सांगणाऱ्यांचे एकमत कधीच झाले नाही. चित्रपटांनी ती डोळे मिटून स्वीकारली. फोर्डने ‘स्टेजकोच’मध्ये (१९३९) खलनायक ल्यूक प्लमरच्या हाती तेच एक्के-अठ्ठे दिले, आणि २३ वर्षांनी ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’मध्ये लिबर्टी व्हॅलन्सच्या हाती पुन्हा तेच. दोन्ही वेळा माणूस टेबलावरून उठून रस्त्यावर जातो आणि त्या चकमकीतून वाचत नाही. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला पाने उघडताच पुढचे कळते, ठाऊक नसलेल्याला ती नुसती दोन जोड्यांची पाने वाटतात. पडदा लहान असेल तर ती ओळखूही येत नाहीत. म्हणून लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात किंवा एखाद्या फिल्म सोसायटीच्या खेळात फोर्डचा चित्रपट लागला तर ती संधी दवडू नये.

इतिहास किती मानावा

थोडा मानावा, फार नाही. खऱ्या अमेरिकी पश्चिमेत पोकरपेक्षा ‘फेरो’ हा पत्त्यांचा जुगार अधिक चाले. टेबलावर तेरा पाने रंगवलेली असत, खेळाडू हव्या त्या पानावर पैसे ठेवीत, आणि वाटणारा पेटीतून दोन-दोन पाने काढी; पहिल्या पानावर लावणारा हरे, दुसऱ्यावर लावणारा जिंके, आणि दोन्ही पाने सारखी निघाली तर त्यांवरचे अर्धे पैसे अड्ड्याचे. इतिहासातले अर्प आणि हॉलिडे दोघेही फेरो चालवीत. चित्रपटांनी हा खेळ बाजूला सारला याचे कारण उघड आहे : फेरोत माणूस अड्ड्याशी खेळतो, पोकरमध्ये समोरच्या माणसाशी, आणि नाट्य दोन माणसांत असते. अड्ड्याविरुद्धचा जुगार पाहायचाच असेल तर फ्रिट्झ लांगचा ‘रँचो नटोरियस’ (१९५२) पाहावा; त्यातले नशिबाचे चाक पायाने हवे तिथे थांबवता येते.

टेबलाच्या मध्यभागी पाच सामायिक पाने उघडी मांडलेली दिसली तर तो टेक्सास होल्डम आहे. तो विसाव्या शतकाच्या आरंभीचा मानला जातो आणि लास व्हेगासला १९६० च्या दशकात पोचला, त्यामुळे १८८० च्या कथेत तो दिसला तर ती चूक समजावी. पानांच्या कोपऱ्यातले छोटे आकडेही १८७०-८० च्या सुमारास रूढ झाले. त्याआधीची पाने कोऱ्या कोपऱ्यांची असत. चित्रपटांत सर्रास नवी पाने वापरली जातात. त्यावर हुज्जत घालून शेजाऱ्याची करमणूक बिघडवण्याची गरज नाही, पण स्त्रियांच्या बाबतीतली तफावत सांगण्यासारखी आहे. लॉटी डेनो आणि ‘पोकर अ‍ॅलिस’ म्हणून गाजलेली अ‍ॅलिस आयव्हर्स या नामांकित जुगारी होत्या, स्वतःच्या बळावर खेळत. पडद्यावरच्या बायका मात्र दीर्घकाळ खुणा करण्यात आणि कॉफी सांडण्यात अडकून राहिल्या.

शेतवाडी पणाला लावण्याचे प्रसंगही सावधपणे घ्यावेत. आजच्या शिस्तीच्या खेळात डाव सुरू होताना टेबलावर जेवढे असेल तेवढेच पणाला लागते. पटकथाकाराला ही शिस्त परवडत नाही, कारण मग कोणाचे घरदार जाणार नाही आणि चित्रपट पुढे सरकणार नाही.

पाहण्याचा क्रम

रविवारी दुपारच्या जेवणानंतर सुरुवात करावी. चार जणांहून अधिक गर्दी करू नये. पहिल्या दिवशी चिंचोक्यांवर डाव खेळून ‘डेस्ट्री राइड्स अगेन’ पाहावा, कारण त्यातली लबाडी सर्वांत उघड आहे. नंतर ‘स्टेजकोच’ घ्यावा, आणि त्यातल्या हॅटफिल्ड या सुसंस्कृत दक्षिणी जुगाऱ्याची अदब खेळाच्या टेबलापासून दूरही कशी टिकते ते पाहावे. मग ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’, आणि त्याला जोडून ‘रिओ ब्राव्हो’. प्रत्येक डावाचा तुकडा आधी आवाजासह आणि मग आवाज बंद करून लावावा. दुसऱ्या खेपेस एकाने फक्त वाटणाऱ्याचे हात पाहावेत, दुसऱ्याने मागे उभी असलेली माणसे, तिसऱ्याने पैशांचा ढीग, आणि प्रसंग संपल्यावर तिघांनी आपापले निरीक्षण सांगावे. आमच्याकडे या चर्चा चहा निवला तरी चालतात आणि क्वचित भांडणावरही जातात.

सवय बसल्यावर रॉबर्ट ऑल्टमनचा ‘मॅकेब अँड मिसेस मिलर’ (१९७१) लावावा. मॅकेब चिखलातल्या खाणकामगारांच्या वस्तीत येतो, अंधाऱ्या खानावळीतल्या टेबलावर आपले कापड अंथरतो आणि खेळ सुरू करतो. तोवर त्या जागेला कोणी मालक असला तरी कापड पडताच टेबल त्याचे होते. डाव नीट दिसत नाही, बोलणे एकमेकांत मिसळलेले असते, आणि आधीच्या चित्रपटांनी लावलेली नजर इथे खरी कसाला लागते.

‘अ बिग हँड फॉर द लिटल लेडी’ सर्वांत शेवटी ठेवावा आणि त्याविषयी कोणालाही आधी काही वाचू देऊ नये. तो पाहताना रिमोट घरातल्या सर्वांत सोशिक माणसाच्या हाती द्यावा, कारण आतापर्यंत लागलेली थांबवून तर्क लढवण्याची सवय या एका चित्रपटात आवरावी लागते.